अर्धीच सुचलीय, सांगू का?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत सुनांच्या आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी मागे पडल्या. गोव्यातल्या गावोगावच्या गटांत फुकट राबणाऱ्या मंडळींनीच जास्त लिहिलंय आणि फिरून फिरून विषय एकच: डोक्यात काहीतरी घोळतंय, ते गटासमोर ठेवायचं कसं, आणि ठेवल्यावर पुढे काय. म्हणून ही पानं सगळी त्यालाच दिली. जमिनीच्या वाटणीबद्दल विचारणाऱ्या म्हापशाच्या वाचकांनी रागावू नये, तुमचं पुढच्या अंकात घेते.

बाई, सत्तरीतल्या आमच्या गावात आम्हा पंधरा-वीस जणांचा गट आहे. झरी साफ करतो, पावसात झाडं लावतो. मला एक सुचलंय. चवथीला गणपतीच्या वर फळं-फुलं-वेली टांगून माटोळी बांधतो, तिला लागणाऱ्या रानातल्या वस्तू आता सहज मिळत नाहीत. आजी ज्या घरामागून आणायची त्या आम्ही साखळीच्या बाजारात विकत घेतो. त्यांची रोपवाटिका गावातच करावी असं वाटतं. पण जागा, पैसे, रोपं कशी करायची, काहीच ठरलेलं नाही. गटात बोलले तर ‘आधी नीट प्लॅन करून ये’ म्हणतील. सगळी तयारी करून मांडू की आताच?
– एक वाचक, केरी-सत्तरी

आताच मांड. आहे तशीच मांड.

समज, तू चार महिने एकटीने खपलीस. जागा बघितलीस, पिशव्यांचा भाव काढलास, खर्चाचा कागद केलास. मग सभेत एखादे आजोबा उठून म्हणाले, ‘अगे बाये, तीं वंयेर आपशींच येतात. पिशवेंत कित्याक लायता गो?’ म्हणजे, त्या वेली कुंपणावर आपोआप येतात, पिशवीत कशाला लावतेस? तेव्हा तू काय करशील? कागदाची बाजू घेऊन भांडशील. चार महिने घातलेला कुणीही भांडेल. आजोबा गप्प बसतील आणि पुढच्या सभेला येणार नाहीत. तेच वाक्य पहिल्या आठवड्यात कानावर पडलं असतं तर तू वही घेऊन त्यांच्या पडवीत जाऊन बसली असतीस.

आजोबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माटोळीचं सामान डोळ्यांसमोर आण. नारळाची पेण, सुपारीचं शिपटं, तोरिंजन, चिबूड ही कुळागरातली, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतली, नाहीतर मळ्यातली. ती लावणारे लोक आहेत, त्यांची काळजी नको. अडचण वेलींची. कवंडळ, कळलावी असलं काही कुणी लावत नाही, पावसाबरोबर कुंपणावर नाहीतर रानाच्या कडेला आपोआप चढतं. आणि आता आषाढ-श्रावणात कुंपणाच्या कडेने गवत कापायचं मशीन फिरतं. फळ धरायच्या आधीच वेल भुईसपाट. म्हणजे तुला कदाचित रोपवाटिका नकोच आहे. वीस घरांनी आपापल्या वंयीचा, म्हणजे कुंपणाचा, एक तुकडा चवथीपर्यंत कापायचा नाही, एवढंच हवं असेल. त्याला पैसे लागत नाहीत.

आता हेच बरोबर असं मी डिचोलीत बसून सांगणार नाही. तुझ्या गटात मांडलंस की कुणीतरी सापाचं काढणार. वाढलेल्या कुंपणात साप येतो ही काही सबब नव्हे, ज्याच्या घरात रांगतं मूल आहे त्याला विचार. एखादी नर्स असेल तर ती सांगेल की कळलावी दिसायला सुंदर, पण तिच्यात कोल्चिसीन नावाचं विष असतं, कंदासकट सगळ्या वेलीत. शाळेची मुलं हाताळणार असतील तर ती वेल तुमच्या यादीत नको. हे सगळं तुला एकटीला कुठून सुचणार? सुचायला पाहिजे असंही नाही.

मांडताना मात्र पहिल्याच ओळीत सांग की हे कच्चं आहे. मग काय दिसलं ते दोन वाक्यांत. आणि शेवटी लोकांकडून नेमकं काय हवं ते. ‘मत द्या’ असं लिहू नकोस. मत मागितलं की लोक न्यायाधीश होतात. त्यांना ठाऊक असलेलं काहीतरी विचार: ‘गेल्या चवथीला तुमच्या माटोळीत रानातलं काय काय होतं, आणि त्यातलं विकत किती आणलं?’ जागा विचारू नकोस. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत उतरणारी घरं तुमच्यात असतील, तर दुर्मीळ वस्तू कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला मिळते ते सख्ख्या भावालाही कळू देत नाहीत. ओढ्याकाठी, कुंपणावर की कातळावर, एवढं सांगतील. सुरुवातीला तेवढं पुरे.

‘आधी नीट प्लॅन करून ये’ म्हणणाऱ्यावर चिडू नकोस. बहुधा हा तोच माणूस असतो ज्याने दुसऱ्यांनी अर्ध्यावर टाकलेली कामं निस्तरली आहेत. ‘निधी कुठून?’ हा त्याचा प्रश्नही खरा आहे, फक्त वेळ चुकते. आमच्या जत्रेच्या नाटकात मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. पहिली बैठक वाचनाची. वही हातात, मध्ये चहा, आणि कुणी कुणाचा अभिनय काढायचा नाही. आवाज मागपर्यंत पोचत नाही, हात लाकडासारखे राहतात, हे सगळं उभ्या तालमीत. ज्या मंडळींनी वाचनालाच चुका काढल्या त्यांच्या दुसऱ्या तालमीला निम्मी पात्रं गायब. तुझ्या गटप्रमुखांकडे तेवढंच माग: महिन्याच्या सभेत अर्धा तास असा ठेवा, ज्यात ठराव नाही, मतदान नाही आणि पैशाचं नाव नाही.

हे काही माझंच शहाणपण नव्हे. माझा भाचा वेर्ण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, त्याने एकदा जुनं टिपण वाचायला लावलं. १९६९ साल. आजच्या इंटरनेटच्या आधीचं आर्पानेट तेव्हा जुळत होतं आणि वेगवेगळ्या विद्यापीठांतले संगणक एकमेकांशी बोलणार कसे, याचा बराचसा विचार शिकणाऱ्या पोरांच्या गळ्यात पडला होता. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला स्टीव्ह क्रॉकर त्यांपैकी एक. आपसांत फिरवायच्या टिपणांचे नियम त्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिहिले. टिपण घोटून गुळगुळीत करण्यापेक्षा वेळेवर येऊ दे. उदाहरण नसलेला विचार चालेल, उत्तराचा पत्ता नसलेला नुसता प्रश्नही चालेल. कमीत कमी लांबी? एक वाक्य. कारणही दिलंय: लिहिलेलं दिसलं की लोकांना ते शेवटचं वाटतं, आणि कच्चं लिहायला माणूस बुजतो, ही दोन्ही भयं त्याला घालवायची होती. टिपणांची ती मालिका अजून चालू आहे, आकडा नऊ हजारांच्या पुढे गेलाय. जगभरचे संगणक जोडायला एक वाक्य चालत होतं, मग केरीच्या माटोळीला न चालायला काय झालं?

आम्ही वाचनालयाच्या गटात सगळ्यांना सांगितलं, काही सुचलं की मोकळेपणाने मांडा. आता रोज एक कल्पना येते. फिरतं ग्रंथालय, बालविभाग, कविसंमेलन, जुन्या मासिकांचं स्कॅनिंग. प्रत्यक्ष करणारे आम्ही तिघेच. नाही म्हटलं तर लोक दुखावतात, हो म्हटलं तर आम्ही मरतो.
– एका ग्रामीण वाचनालयाचे चिटणीस, फोंडा तालुका

चिटणीसबाब, नाही म्हणूच नका. तारीख घाला.

वर ज्या टिपणांबद्दल लिहिलं, त्या जगात पुढे एक चाल पडली. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींकडे कुणीही कच्चा मसुदा ठेवू शकतो. तो सहा महिने जिवंत. तेवढ्यात कुणी सुधारून नवा ठेवला तर चालू, नाहीतर आपोआप मुदत संपली. कुणी नाकारला नाही, कुणाचा अपमान झाला नाही. आपल्याकडे तर पंचांग मदतीला आहे. चवथ ते शिगमो, म्हणजे आपली होळी, हे साधारण सहा महिनेच. चवथीला आलेली कल्पना शिगम्यापर्यंत कुणी हातात घेतली नाही तर पान दुमडायचं. फाडायचं नाही. पुढे कुणाला हुरूप आला तर त्याने उघडावं.

वाचनालयात टेबलावर एक वही ठेवा, कपाटात नको. डाव्या पानावर कल्पना, नाव, तारीख. उजव्या पानावर त्यानंतर कुणी काय केलं. उजवं पान कोरं राहिलं की तुम्हाला काही बोलावं लागत नाही, वहीच बोलते. आणि एक अट घाला: जो मांडेल त्याने पंधरा दिवसांत एकट्याने होण्यासारखं पहिलं पाऊल टाकायचं.

तुमच्या स्कॅनिंगचंच घ्या. ज्याला सुचलंय त्याला म्हणा, एक अंक घरी ने, मोबाइलवर दहा पानांचे फोटो काढून आण. त्या दहा पानांत सगळं कळतं. कागद मधोमध मोडतोय का, शिवणीजवळची अक्षरं येतायत का, एका पानाला किती वेळ लागतो. शिवाय कुणीतरी विचारेल, हे नेटवर टाकता येईल का? आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि मासिकात तर दर लेखाचा लेखक वेगळा. म्हणजे काही पानं मोकळी, काही नाहीत. अशा वेळी ‘मासिकं स्कॅन करू’ ही कल्पना ‘आधी अंकांची लेखकवार सूची करू’ अशी बदलते. सूची करायला स्कॅनर लागत नाही, दुपारच्या निवांत वेळी येणारे दोन निवृत्त वाचक लागतात. ते तुमच्याकडे असतीलच, वर्तमानपत्र वाचून घरी जायला तयार नसतात ते.

मात्र रेंगाळलेलं आणि मेलेलं यांत फरक करा. कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला २०१५ साली. त्याआधी कित्येक वर्षं तो विकिमीडियाच्या इन्क्यूबेटरमध्ये होता. नव्या भाषांचे विकिपीडिया जिथे रांगतात ती ही जागा, आणि तिथले अर्धेमुर्धे लेख कुणालाही उघडून बघता येतात. मध्येच २०१३ मध्ये गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड मुक्त परवान्याखाली खुले केले, तेव्हा लिहिणाऱ्यांच्या हाताला मोठं साहित्य लागलं. अशा विकिपीडियाला वेगळं घर देताना मुख्यतः बघतात काय, तर माणसं महिनोन्‌महिने सतत लिहितायत का. सगळे लेख उत्तम असलेच पाहिजेत असं नाही. तुम्हीही उजव्या पानाकडे तसंच बघा. महिन्याला एकच ओळ पडत असेल तरी ते काम चालू आहे. (या उदाहरणावरून मराठी-कोंकणीचा वाद काढणारी पत्रं पाठवू नयेत. मला दोन्ही वाचता येतात आणि टपाल आधीच पुष्कळ आहे.)

कविसंमेलनाला तारीख घालायची गरज नाही. ते होणारच. गोव्यात कविसंमेलन आजवर कुणाला थांबवता आलेलं नाही.

मी सभेत सांगितलेली कल्पना अध्यक्षांनी पुढच्या कार्यक्रमात भाषणात आपली म्हणून सांगितली. टाळ्याही मिळाल्या. आता वाटतं, मनातलं मनातच ठेवावं. उघड सांगण्यात शहाणपण काय?
– एक तरुण कार्यकर्ता, डिचोली

तू सांगितलंस ते तोंडी. गोम तिथे आहे. चौघांच्या कानात सांगितलेली गोष्ट उचलायला सोपी, चाळीस जणांसमोर लिहून ठेवलेली अवघड. विकिपीडियावर कुठल्याही लेखाचा इतिहास उघडून बघ: कुणी, कधी, कुठला स्वल्पविराम हलवला तेसुद्धा दिसतं. म्हणून तिथे लोक बिनधास्त अर्धवट लिहितात. तुमच्या गटात वही नसेल तर सभेनंतर त्याच रात्री दोन ओळी ग्रुपवर टाकायच्या: आज मी अमुक मांडलं, अमक्याने त्यात अमुक भर घातली. भर घालणाऱ्याचं नाव विसरू नकोस. तोच उद्या तुझा साक्षीदार.

हळदीची गोष्ट तुला ठाऊक असेल. जखम भरायला हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं. घरोघरच्या आज्यांना ते माहीत होतं, पण आजीला ठाऊक असणं तिथे चालत नाही. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, जुने छापील आणि लिखित पुरावे पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. लपवून ठेवलेलं ज्ञान तिथे काही उपयोगाचं नव्हतं, आधी उघड मांडलेलंच कामी आलं.

राहिले अध्यक्ष. त्यांच्याशी भांडू नकोस, वापर त्यांना. ते टाळ्या घेऊन बसलेत, म्हणजे आता त्यांना ती गोष्ट करून दाखवणं भाग आहे. उद्याच जा आणि म्हण, ‘सर, तुम्ही जाहीर केलंत ते बरं झालं. पुढचं मी बघतो, चाव्या कुणाकडे मागू?’ शाल-श्रीफळ त्यांना मिळेल, हॉल तुला. तुला शालच हवी होती असं असेल तर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

पहिल्या पावसात आमच्या गावच्या शेतांत मोठे पिवळे बेडूक येतात. त्यांची नोंद करायची कल्पना आहे. सगळं उघड करायचं तर ठिकाणंही सगळ्यांना दाखवायची का?
– दोघी मैत्रिणी, काणकोण

नाही गो. कल्पना उघडी, ठिकाण बंद. हे बेडूक पहिल्या पावसात डरांव करत जोडीदार शोधायला बाहेर पडतात आणि त्याच रात्री टॉर्च-पिशव्या घेऊन माणसंही बाहेर पडतात, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना मारायला बंदी आहे, तरी ताटात येतातच. तुमचा नकाशा ग्रुपवर गेला की बेडूक पकडणाऱ्यांचं अर्धं काम तुम्हीच केलंत.

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, नोंदवणार असाल तर एक लक्षात ठेवा. धोक्यात असलेल्या जातींचं नेमकं ठिकाण तिथे आपोआप झाकलं जातं, पण हा बेडूक जागतिक यादीत धोक्यातला नाही, म्हणून ते झाकण आपोआप पडेल या भरवशावर राहू नका. नोंद करताना ठिकाण अस्पष्ट ठेवायचा पर्याय हाताने निवडा. तारीख, पाऊस, आवाज, किती दिसले, हे सगळं उघड ठेवायला हरकत नाही. गावाचं नावही फार तर तालुक्यापर्यंत.

हीच गोष्ट गावच्या वैद्यांच्या मुळ्यांची. ते तुम्हाला दाखवतात म्हणजे सगळ्यांना दाखवायला सांगतात असं नाही. विचारून घ्या, आणि नाही म्हणाले तर वहीतही लिहू नका.

मी कल्पना ग्रुपवर टाकली. बावीस जणांनी वाचली, चौघांनी अंगठा दाखवला, एकानेही अक्षर लिहिलं नाही. इतकी वाईट होती का?
– एक वाचक, मडगाव

तू पाठवलेल्या ग्रुपच्या स्क्रीनशॉटवर तारीख दिसतेय. चवथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी! त्या वेळी घराघरात माणूस शिडीवर चढून माटोळी बांधत असतो, खाली बायको नेवऱ्या तळत असते. त्यांनी वाचलं हेच पुष्कळ.

विसर्जनं आटोपू देत. मग ती जशीच्या तशी पुन्हा टाकू नकोस. त्या कामातलं ज्यांना कळतं अशा दोघांना आधी फोन कर, ते जे म्हणतील ते त्यांच्या नावासकट मजकुरात घाल. ग्रुपवर रिकाम्या मजकुराखाली पहिलं कुणी लिहायला धजत नाही, आधीच दोन नावं दिसली की तिसरा लिहितो. आणि अंगठे दाखवणाऱ्या त्या चौघांना होकार समजू नकोस, नकारही समजू नकोस. एकेकाला वेगळं विचार, ‘शनिवारी चार वाजता येतोस?’ जो येईल त्याच्याबरोबर सुरू कर.